प्याल्यात उरलेला रस

लोक मला म्हणतात, "बाई, तुम्ही ख्रिस्ती. क्षमा करणं हा तुमचा धर्म, आणि तुमचं नाक मात्र कायम फुगलेलं." फुगलेलं असू दे. माझ्या आईची श्रद्धा मी जशी पाहिली तशी सांगायची, तर राग वगळून ती सांगताच येत नाही. आमच्या घरात प्रार्थना आणि संताप एकाच चुलीवर शिजले.

आम्ही सोलापुरात मिलच्या मागच्या वस्तीत राहायचो. आई-बाबा मूळचे बार्शीकडच्या एका खेड्यातले, महारवाड्यातले. पोटासाठी शहरात आले आणि मिलमध्ये लागले. बाबा कताईच्या खात्यात, आई रिळाच्या खात्यात. मागावर पगार बरा होता, पण तिथं आमच्या माणसाला उभंसुद्धा करत नसत. का, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागतं, आणि आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरा विणकर हातात धरेना. पाण्याचंही तेच. आमच्या बायकांनी ओंजळ धरून बसायचं, पाणीवाल्यानं वरून ओतायचं, तेही त्याची लहर लागली तर. सोलापूरचा उन्हाळा, खात्यातली उष्णता, उडणारा कापूस, आणि घोटभर पाण्यासाठी ही लाचारी! आई म्हणायची, "समदं भांडान आमच्या तोंडाचं हाय बग. हात चालत्यात, पाठ चालती, तोंड तेवडं चालत न्हाय."

आई ख्रिस्ती झाली ती कुणाचं प्रवचन ऐकून नव्हे. वस्तीतल्या एका बाईबरोबर ती एकदा देवळात गेली होती आणि दाराशीच बसली होती. ख्रिस्ती देवळाला आम्ही देऊळच म्हणायचो. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. पाळक एकच प्याला घेऊन चटईचटईवरून फिरत होते आणि ज्याचा बाप्तिस्मा झालाय तो त्यातला द्राक्षरस एक घोट पीत होता. शेवटी प्याला मागच्या चटईवर आला. तिथं आमच्या वस्तीतल्या बायका होत्या. त्या प्यायल्या. मग पाळक वेदीपाशी परत गेले आणि सगळ्यांच्या शेवटी उरलेला रस स्वतः पिऊन टाकला, प्याला पार उलटा करून.

हे म्हातारे पाळक जन्मानं ब्राह्मण. बाप्तिस्मा घेतला म्हणून घरच्यांनी त्यांचं जिवंतपणी श्राद्ध घातलं होतं. त्या माणसानं आमच्या बायकांचं उष्टं प्यायलेलं आईनं डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन बाबांना म्हणाली, "ह्यो देव खरा हाय. मला हितंच ऱ्हायाचं." बाकी शुभवर्तमान तिनं नंतर शिकून घेतलं, सावकाश, अक्षर अक्षर लावत. बाबांनीही तिच्या मागोमाग बाप्तिस्मा घेतला, माझाही झाला, पण बाबांचा जीव त्यात फारसा नव्हता.

मग एकोणीसशे तीसनंतरची ती वाईट वर्षं आली. मिल कधी चालायची, कधी बंद असायची. त्यातच बाबांचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोटं नव्हती. कामावर गेले तर मुकादमानं खात्याच्या दारातच सांगितलं, "आता तुझं काय काम?" एवढी वर्षं राबलेल्या माणसाला हे वाक्य! बैस म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नाही मेल्यानं. तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. देवळात येणं बंद, कुणाशी बोलणं बंद. आम्ही हुलग्याचं माडगं पिऊन दिवस ढकलत होतो.

आई रोज चूल पेटवायच्या आधी गुडघे टेकून प्रार्थना करायची. मोठ्यानं करायची, शेजारी ऐकत असले तरी. बाबा तिकडून खेकसायचे, "कुटं हाय तुजा देव?"

"हाय की. पैल्या रविवारी भेटतो," आई म्हणायची.

चेष्टा नव्हती ती. तो एक घोट आणि त्यानंतर पाळकांनी उलटा केलेला प्याला, एवढ्यावर ती पुढचा अख्खा महिना काढायची. मी मिशनच्या शाळेत वरच्या वर्गात होते. मला मोठमोठी वचनं पाठ होती, पण आईसारखा आधार मला त्यांतल्या एकाचाही वाटत नव्हता.

म्हातारे पाळक वारले. त्यांच्या जागी नवे आले. शिकलेले, टापटिपीचे, पेटी सुरेख वाजवायचे. सगळे खूश. सगळ्यांत खूश पुढच्या चटया. पुढच्या चटईवर कोण बसायचं हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शिक्षक, कंपाउंडर, मंडळीचे पंच आणि त्यांच्या बायका. आता गंमत ऐका. त्यांतल्या एका पंचाच्या बायकोची आजी आमच्याच महारवाड्यासारख्या महारवाड्यातून आली होती, तिला शेण उचलताना पाहिलेली माणसं हयात होती. दोन पिढ्या शिकल्या आणि चटई पुढं सरकली! शिकल्या याचा मला आनंदच आहे. पण पाठ फिरवायलाही शाळेतच शिकवतात की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

नव्या पाळकांच्या पहिल्याच प्रभुभोजनानंतर देऊळ झाडायची पाळी आईची होती. मी मदतीला थांबले होते. आम्ही मागच्या दारानं केर टाकायला गेलो, तर पाळक लिंबाच्या बुंध्याशी उभे. हातात प्याला. उरलेला रस त्यांनी मातीत ओतला, मग चिमूटभर राख घेतली आणि प्याल्याचा काठ घासायला लागले. आई केरसुणी धरून बघत राहिली.

"सायेब, ते सांडलं व्हय?"

"सांडलं नाही, ओतलं. साथीचे दिवस आहेत बाई. इतक्या लोकांचं तोंड लागतं."

"म्हातारं सायेब पीत हुते."

"ते जुन्या काळचे होते," पाळक हसून म्हणाले. "आणि उरलेला रस म्हणजे नुसता रस. त्यात काय एवढं?"

आईनं केरसुणी खाली ठेवली. ती म्हणाली, "साथ काय मागच्या चटईवरनंच येती व्हय? फुडच्यांचं तोंड लागल्याला प्याला आमी पितोच की. आमास्नी न्हाय व्हत काय?"

पंचाची बायको चप्पल घालायला तिथंच आली होती. ती म्हणाली, "झालं, आता ही पाळकांना शिकवणार!" आणि हसली. पाळकही हसले. मला त्या हसण्याचा आजही इतका संताप येतो की हातातलं काम खाली ठेवावं लागतं. अरे, एका बाईचा देव तुम्ही मातीत ओतताय, आणि वर दात काढताय?

दुसऱ्या दिवशी आईनं चूल पेटवली, पण गुडघे टेकले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबांची बोटं गेली तेव्हा तिची प्रार्थना थांबली नव्हती. घरात पीठ नव्हतं तेव्हाही थांबली नव्हती. आता थांबली. मी घाबरले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले, आणि आई अशी मुकाट झालेली. ही पण विझली तर आमचं काय, हाच विचार माझ्या डोक्यात घुमायचा. मी वचनं म्हणून दाखवायला गेले. ती म्हणाली, "गप बस. मला त्याला इचारू दे."

तिचं भांडण आता थेट देवाशी होतं.

महिना असाच गेला. पहिल्या रविवारी आईनं धुवट लुगडं नेसलं, माझा हात धरला आणि आम्ही देवळात गेलो. मी सवयीनं मागं वळले. आईनं हात सोडला नाही. ती थेट पुढं गेली आणि बायकांच्या पहिल्या चटईवर, अगदी कडेला, जिथून प्याला सुरू व्हायचा तिथं बसली. मला शेजारी ओढलं. पंचाची बायको आली, जागच्या जागी थबकली, आणि पदर सावरून आमच्यापासून हातभर अंतर सोडून बसली. देवळात कुजबुज सुरू झाली. माझे कान तापले होते. आईनं मात्र डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. महिन्याभरानं हलत होते.

गायन झालं, भाकर वाटून झाली. पाळक प्याला घेऊन आले आणि आईसमोर थांबले. खाली वाकून हळूच म्हणाले, "बाई, तुमची जागा मागं आहे."

"प्रभूच्या मेजाला मागं-फुडं हाय व्हय?" आई हळू बोलली नाही. पेटीवरचा माणूससुद्धा मान वर करून बघायला लागला. "माज्यापास्नं सुरू करा, सायेब. माज्या तोंडानं रोग व्हत आसंल तर आज समद्यास्नी कळंल."

पाळकांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी प्याला पुढं केला. आई प्यायली. मी प्यायले. पुढं पंचाची बायको. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. तिच्या पलीकडचीनंही. तिच्याही पलीकडचीनं. अख्खी पहिली चटई त्या दिवशी कोरड्या तोंडानं बसून राहिली, येशूच्या रक्तापेक्षा आमच्या ओठांना भिऊन! गड्यांच्या बाजूलाही पुढच्या बहुतेकांनी माना हलवल्या. मागच्या चटया तेवढ्या प्यायल्या, सगळ्या.

पाळक वेदीपाशी गेले. प्याल्यात पुष्कळ उरलं होतं. ते मागच्या दाराकडे वळले तशी आई उभी राहिली. मागं चटया सरकल्याचा आवाज आला. वळून पाहते तर आमच्या वस्तीतल्या बायका उभ्या, आणि त्यांच्यामागं गडी उभे. पाळक दारापासून परत वेदीपाशी आले. मग त्यांनी प्याला तोंडाला लावला आणि डोळे मिटून सगळा पिऊन टाकला.

आम्ही घरी आलो. बाबा तसेच पडलेले. आईनं चुलीपुढं गुडघे टेकले आणि मोठ्यानं प्रार्थना केली, रागानंच केली, देवाला चार शब्द सुनावत आणि त्याचे आभार मानत. मग तिनं बाबांना सगळं सांगितलं.

भिंतीकडे बघतच बाबांनी विचारलं, "पिला त्यो?"

"पिला की. एरंडेल पिल्यावानी त्वांड करून पिला," आई म्हणाली. "पर पिला. फुडच्या बारीला बी मी तितंच बसणार. सवय लागंल त्याला."

बाबा वळले. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा चेहरा उजेडात पाहिला. बोटं नसलेला हात टेकून ते उठून बसले.

"गड्यांच्या अंगाला बी फुडं चटई हाय न्हवं?" ते म्हणाले. "फुडच्या पैल्या रविवारी मला बी ने."