उंबऱ्याआडची नात

बाळांनो, आज डाळींच्या डब्यांवर नावं घालताना मार्करचा वास आला आणि पोलिओ डोसचे दिवस आठवले. तुमच्या आईला हे ठाऊक नाही, म्हणून लिहिते. निवृत्तीनंतर मी पालेगावात, रविवारी बूथवर न आलेल्या मुलांना घरी जाऊन डोस पाजत असे. एका घरातली आजी नातीला बाहेरच आणेना. “मागच्या खेपेला पोर तापली,” म्हणाली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ऊन चढलं होतं, पाय सुजले होते आणि समजावण्याचं त्राण उरलं नव्हतं. मी तिच्या ओट्यावर नुसती बसून राहिले. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. “सरकार पगार देतं गो तुला?” “नाही.” “मंग उन्हात कशाला मरतेस? येडी हायस काय?” “असेन. पण तुमची नात पांगळी झाली तर मला झोप लागायची नाही.” ती माझ्या पावलांकडे बघत राहिली, मग सुनेवर ओरडली, “आण गो तिला!” मी दोन थेंब पाजले, इवल्या नखावर मार्करनं खूण केली आणि घरी येऊन न जेवताच आडवी झाले. ती आजी आता नाही, घराच्या जागी इमारत आहे. नात कधीतरी रस्त्यात दिसते. मला ओळखत नाही, पण झपझप चालते.