हिरव्या शाईतलं

कॉलेजमागच्या गल्लीत टंकूताईंचं टायपिंगचं दुकान. एक टेबल, एक संगणक, पायाशी प्रिंटर. बावीस वर्षांत दीडशेवर प्रबंध त्यांच्या हातून गेले. डॉक्टर झाले ते लोक, मानदुखी मला, असं त्या हसून सांगायच्या.

त्या दिवशी मात्र त्यांचा चहा टेबलावरच निवला. गेल्या महिन्यात टाइप केलेला एका मुलीचा प्रबंध परत आला होता. सतरा ठिकाणी दुसऱ्यांचे उतारे नाव न देता स्वतःचे म्हणून घातलेत, असा शेरा. नोंदणी रद्द करायची का, यावर सोमवारी बैठक होती.

ताईंनी कपाटातून तिची वही काढून उघडली. निळ्या शाईत मुलीचं स्वतःचं, हिरव्या शाईत दुसऱ्यांचं, समासात त्यांची नावं. हिरवं दिसलं की उतारा वेगळा टाकायचा, खाली नाव आणि पान द्यायचं, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरी बसून काम उरकावं म्हणून ताईंनी वहीची झेरॉक्स काढली. त्यात सगळंच काळं आलं, आणि समास मशीनने खाऊन टाकला. हिरव्याची आठवण तेव्हा कुणाला होती?

नवरा म्हणाला, कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस, तिने सही केलीच ना, उद्या तुला काम कोण देईल? त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त टोचलं. तरी पदराआड वही धरून ताई कॉलेजात गेल्या.

मार्गदर्शक बाईंनी पानं उलटली. मुलगी भिंतीशी उभी होती. बाई ताईंना म्हणाल्या,

"चूक तुमची आहे. पण हे काम माझं, असं लिहून सही हिने केलीय. न वाचता. बैठक काय ठरवेल, मी सांगू शकत नाही. दुरुस्त प्रत आणि ही वही घेऊन सोमवारी दोघी या."

बाहेर आल्यावर मुलगी खाली मान घालून म्हणाली, "टंकूताईंचं टायपिंग तपासावं लागत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणून नाही वाचलं."

बावीस वर्षांची ती शाबासकी ताईंना चपराकीसारखी लागली.

सोमवारला तीन दिवस होते. दुकानात दुसरी खुर्ची नव्हती. मुलगी कागदाच्या खोक्यावर बसली, पहिल्या हिरव्या ओळीवर तिने बोट ठेवलं, आणि पडद्यावर उताऱ्याखाली नाव उमटेपर्यंत ते हलवलं नाही.