मागे फिरवलेला नळ

वामनकाका नळाच्या पाइपाचा जुना एल्बो खिडकीच्या उजेडात धरायचे आणि एक डोळा मिटून आतले आटे बघायचे. झिजलेले असले तर स्वतःच भंगारात टाकायचे. शाबूत असले तर तारेच्या ब्रशने घासून डब्यात. "चांगलं हाय नं? मंग काहून फेकता?" हे त्यांचं ठरलेलं. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले काका आणि काकू रायपुरात शंकर नगरला आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. मला कळायला लागल्यापासून आमच्या घरी दुसरा प्लंबर आलेला नाही.

नळाच्या सांध्यावर सूत गुंडाळावं तर त्यांनी. आट्यांच्या दिशेने, सफेदा लावून, बोटाने दाबत दाबत. एकदा आवळलेला सांधा मागे फिरवायचा नाही, नाहीतर गळतो, हा त्यांचा कायदा. नळ जरा तिरका दिसतो म्हणून बाबांनी एकदा तो अर्धा फेरा मागे घेतला, तर काकांनी सगळं उघडून पुन्हा बांधलं आणि दिवसभर बाबांशी बोलले नाहीत.

मग छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. साहेबलोकांना घरं हवी झाली, आणि माझ्या बाबांनी, माझ्या सख्ख्या बाबांनी, काकांना खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. काकूंचे गुडघे गेलेले. मी बाबांना नाही नाही ते बोलले. त्यांनी तोंडासमोर पेपर धरला. काका मान हलवून नुसतं "हव" म्हणाले आणि गुढियारीत जिन्यावरची खोली बघून आले. त्या "हव"चा मला बाबांपेक्षा जास्त राग आला.

निघायच्या सकाळी सामान चढत असताना मी काकांचाच पाना उचलला आणि मागच्या मोरीतला नळ अर्धा फेरा मागे फिरवला. मुरू दे पाणी भिंतीत, म्हटलं, भोगू देत बाबा. थेंब सुरू झाले, तेवढ्यात पाना शोधत काका आले. त्यांनी गुपचूप टाकीचा व्हॉल्व बंद केला, नळ काढला, जुनं सूत खरवडलं आणि नवं गुंडाळायला बसले. मी रडत विचारलं, ज्यांनी हाकललं त्यांचा नळ बांधता, तुम्ही माणूस आहात की दगड?

"तुह्या बापानं मले काढलं, ते त्याचं काम," ते मान वर न करता म्हणाले. "माह्या हातचा सांधा गळला असं कोनी म्हनावं का, पोरी?"

तो जिना काकूंना झेपला नाही. वर्षभरात त्या गेल्या, मागोमाग काका. बाबाही गेले. आता घर माझं आहे. मोरीतला सांधा अजून कोरडा आहे. मी रोज त्याला हात लावून बघते, आणि रोज मला तेवढाच संताप येतो.