'प्लास्टर नको' अशी सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोच्या मनगटाचं वाटोळं डॉक्टरांनी नाही, मी केलं.

गणपतीला चार दिवस होते. मखर लावताना ती स्टुलावरून घसरली आणि तळहातावर पडली. नाहूर स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. एक्सरे साफ आला. तरी डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडतो तिथे बोट दाबलं, तशी ती किंचाळली. नर्स तिला हात झोळीत अडकवायला बाहेर घेऊन गेली. डॉक्टर मला म्हणाले, "इथलं हाड बारीक असतं. चीर पहिल्या दिवशी एक्सरेत दिसेलच असं नाही. आज प्लास्टर घालू, दहा-बारा दिवसांनी परत एक्सरे काढू."

"विसर्जनानंतर घालू ना, डॉक्टर. साच्यातले मोदक आमच्याकडे चालत नाहीत, आणि हाताने तीच वळते."

"अहो, गणपती तुमचा, हाड तिचं. तिला विचारलंत?"

नाही विचारलं. 'प्लास्टर नको' असं लिहून सही ठोकली. बाहेर येऊन तिला म्हटलं, "एक्सरे क्लीन आहे. नुसतं मुरगळलंय."

"मग एवढं दुखतंय कशाने हो?"

"नाटकं नकोत."

चतुर्थीला तिने एकवीस मोदक वळले. कळी पाडायला अंगठ्याची चिमूट लागते. दर कळीला ती ओठ चावत होती. पानावर बसलेला माझा भाऊ म्हणाला, "काय वहिनी, यंदा मोदक की समोसे?" मी हसलो. वर तूप ओतून सात खाल्ले. आता उकडीचा वास आला तरी मी पानावरून उठतो. मोदकाचा काय दोष, ते हसणं आठवतं.

परत एक्सरे काढायचाय हे तिला कळलंच नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेला कागद मी फाडला होता.

सहा महिन्यांनी मुलुंडच्या सर्जननी सांगितलं, हाड जुळलंच नाही, एक तुकडा मेलाय. ऑपरेशन झालं. तरी ओला टॉवेल तिला पिळता येत नाही. "त्या मेल्याला एक्सरे बघता येत नव्हता," म्हणून ती नाहूरच्या डॉक्टरांना शिव्या घालते आणि मी, लिहितानाही किळस येते, मान डोलावतो. सोसायटीत दोघांना सांगितलंयसुद्धा, तिथे जाऊ नका म्हणून.

टॉवेल आता मी पिळतो, बरण्यांची झाकणं मी उघडतो. "किती करता हो माझ्यासाठी," ती म्हणते.

तिला खरं सांगायचं आणि त्या डॉक्टरांची माफी मागायची, दोन्ही माझ्याकडून अजून बाकी आहे.