चिमणाबाईंची खाडी

उचगावच्या चिमणाबाईंना कुणी काही सांगितलं की त्या आधी विचारायच्या, तू स्वतः बघितलंस का?

१९५१ च्या पौषात मंगळवार पेठेत सुकी मासळी विकणारी तानाबाई त्यांना म्हणाली, खाली कोकणात नदी दिवसातनं दोनदा उलटी वाहते. चिमणाबाईंचा उभा जन्म मोटेच्या पाण्यावर शेत भिजवण्यात गेलेला. पाणी आपणहून चढाला जातं, हे त्यांना पटेना. मी जाऊन बघून येते, असं त्यांनी नवऱ्याला, गणपतरावांना, सांगून टाकलं. शाळू राखणीला आलाय, आत्ता कसली नदी, असं ते म्हणाले. बाईंनी राखण दिराकडे सोपवली आणि शेजारच्या बाळाबाईला घेऊन मोटारीत बसल्या.

गगनबावड्याचा घाट उतरून दोघी खारेपाटणला पोचल्या. तिथून विजयदुर्गाकडे जाणारी होडी धरली. निम्म्या वाटेत ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. भरती येईपर्यंत चार तास इथंच, असं होडी हाकणाऱ्या तांडेलानं सांगितलं. उतारू कुरकुरले. बाळाबाई तर रडकुंडीला आली. चिमणाबाईंनी भाकऱ्या सोडल्या, तांडेलासकट सगळ्यांना ठेच्याबरोबर वाटल्या आणि काठाकडे तोंड करून बसल्या. तिवराच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. लाल खेकडे बिळातनं बाहेर येत, एक नांगी उचलून पुन्हा आत जात. एवढी शांतता त्यांनी कधी अनुभवली नव्हती.

दुपार कलली तेव्हा पाण्यावरचं एक वाळकं पान थांबलं आणि हळूहळू डोंगराच्या दिशेनं चालू लागलं. चिमणाबाईंनी हात बुडवून पाणी चाखलं. खारट होतं.

"बाळे, बघ की," त्या म्हणाल्या. "चढालाच चाललंय. बैल जुपल्याबिगार."

थोड्या वेळानं होडी आपसूक वर उचलली गेली.

तांडेलाची बायको अंबूबाई. विजयदुर्गात तिच्या पडवीत दोघी तीन दिवस राहिल्या. समुद्राचं चिमणाबाईंना फारसं नवल वाटलं नाही. त्या रोज खाडीवरच जाऊन बसत.

गावात कुणाचा विश्वास बसला नाही. बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या वर्षी त्या सात बायकांना घेऊन गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. त्या अकरांत गावातलीच मीही होते. घाटात निम्म्याजणींना उलट्या झाल्या, बाई मात्र पदर खोचून सगळ्यांच्या पुढं. होडीत आमची बडबड सुरू झाली, तसं त्यांनी एकदाच सांगितलं, "तोंड मिटा, डोळं उघडा." त्या दिवशी मी पहिल्यांदा खंड्याला मासा पकडताना बघितलं.

१९५८ साली अंबूबाई चौघींना घेऊन उचगावला आल्या. त्यांनी गुऱ्हाळ कधी बघितलं नव्हतं. चिमणाबाईंनी त्यांना उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीजवळ बसवून गरम काकवी वाढली. दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं, पण पाहुण्यांचा पाय मळ्यातनं निघेना. शेवटी दर्शन परवावर गेलं.