सरकी भरलेला जोडा

आमच्या आतोबांइतका ओलाव्याचा वैरी यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेलच तर तो दारव्ह्यात राहत नसणार, कारण तेवढ्या गावात दोघांनी एकमेकांना जगू दिलं नसतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दारव्ह्याच्या बाजारात ते कापसाचे पारखी होते. बैलगाडी आली की कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, आतून चिमूटभर काढायचा, बोटांत चोळायचा, गालाला लावायचा, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "ओला हाय." गाडीवाला गळ्याची शपथ घेई, बैलांची शपथ घेई; आतोबा ढिम्म. फारच पसंत पडला तर "त्यातल्या त्यात बरा" म्हणत. "कोरडा हाय" हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास मी शाळेतल्या नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो. सगळं गाव त्यावर वाद घालत होतं, आतोबांचं मत एवढंच, "मुंबई? थितं तं हवाच ओली हाय!" घरीही त्यांची चिमूट थांबत नसे. पापड, उशा, माझ्या अंगातला सदरा, काही म्हणता काही सुटायचं नाही.

पण त्यांना खरं पछाडलं होतं एका प्रश्नानं: भिजलेला जोडा घरातल्या कोणत्या जिनसानं लवकर वाळतो? विस्तव नको, त्यानं चामडं तडकतं. ऊन नको, कारण ऊन पडलं तर मग प्रश्नच काय उरला! उजव्या जोड्यात एक जिन्नस ठासायचा, डाव्यात दुसरा, म्हणजे तुलना होते. चुलीतली राख झाली. राखेनं जोडा वाळला, पण आतोबा कापडाच्या दुकानात जोडे काढून गादीवर बसले तेव्हा त्यांचे पाय असे निघाले की दुकानदारानं गोसावी समजून नमस्कार केला. मीठ झालं. मिठाचा जोडा गोठ्याजवळ राहिला आणि म्हशीनं तो शिवणीपर्यंत चाटून काढला. चुना झाला, त्यानं तळच जाळला. वर्तमानपत्र कोंबलं, तर शाई उतरून तळपायावर उलटी बातमी उमटली, ती आरसा धरून मला वाचायला लावली. पावसाळा संपला की काम अडायचं, म्हणून ऐन वैशाखात चांगले कोरडे जोडे बादलीत बुडवायचे. त्या उन्हात अख्ख्या दारव्ह्यात पाय ओले असलेला एकच माणूस हिंडायचा, आणि तो हा ओलाव्याचा वैरी!

आत्याचे हाल कुत्रा खात नव्हता. एकदा तिनं विचारलं, "त्या जोड्यातले तांदूळ कुठं टाकले?" आतोबा शांतपणे म्हणाले, "डब्यात. फेकाचे कायले?" आत्या त्या दिवशी जेवली नाही. मी आधीच जेवून बसलो होतो. ती शेजारणीपाशी रडायची, "अवं बाई, लोकायचे नवरे दारू पितात, पत्ते कुटतात. मले चालते वं! ह्यायनं जोड्यात हरभऱ्याची डाळ घातली!"

अखेर सरकी जिंकली. म्हशीसाठी पोतंभर सरकी, म्हणजे कापसातलं बी, घरात असायचीच. ती लोखंडी कढईत चांगली भाजायची, कोमट झाली की जोड्यात ठासायची, वरून फडकं घट्ट बांधायचं आणि जोडा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. नियम एकच होता, फडकं सोडून पाहायचं नाही. "सोडलं की बाहीरची ओल आत जाते," असं त्यांचं म्हणणं. ह्या शोधानंतर ते इतके खुशीत होते की रस्त्यानं कुणाच्या जोड्यातून पचपच आवाज आला तर मागे जायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात शालू होती. आतोबांची एकुलती एक लेक, माझी आतेबहीण. तिचं पहिलं स्थळ आतोबांनीच घालवलं. मुलाच्या काकांची टोपी चिमटीत धरून म्हणाले, "ओली हाय. डोक्याले लई घाम येते वाटते. मुलाले बी येते काय?" मंडळी चहा न घेता उठली. दुसऱ्या स्थळाच्या वेळी उपरण्यावरून तसंच झालं. आता तिसरं आलं होतं, अडाण नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरचं. मुलगा शालूनं नात्यातल्या लग्नात पाहिला होता, आणि तो तिला मनापासून आवडला होता. मुलाचे वडील बोलणी करायला येणार त्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, हे स्थळ गेलं तं मी पुन्हा कोणासमोर पोह्याची बशी घेऊन येणार नाही. बाबाले सांभाळजो." मी शब्द दिला.

पाहुणे एकटेच आले, तेही भर आषाढात, नाला तुडवत, नव्या कोऱ्या पंपशूंतून पाणी गाळत. आतोबांचा चेहरा असा फुलला की पाहुण्यांना वाटलं, काय हा जिव्हाळा! मी टोपी वाचवली, उपरणं वाचवलं. जोडे वाचवायचे राहिले. आतोबा ते घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर कढईत भजी चालली होती. "कढई दे," ते म्हणाले. आत्या झारा उगारून म्हणाली, "आज कढई मागान तं माहेरी जाईन!" नाइलाज झाला. आतोबांनी न भाजता, तशीच कच्ची सरकी जोड्यांत ठासली आणि फडकी बांधून ते आढ्याला टांगले.

त्या रात्री अडाणला पूर आला आणि पाहुणे अडकले. पाऊस हटेना, पूर ओसरेना. पाहुणे आतोबांच्या वहाणा घालून ओसरीवर बसून राहायचे. भला माणूस, पण घोर वेगळाच. "दोनदा पेरलं, भाऊ. उगवलंच नाही. बियाणं कुजकं निघालं. आता तिसऱ्यानं कोणतं पेरू?" लग्नाचं नाव काढलं की "पाहू" म्हणायचे आणि आभाळाकडे बघायचे. शालू चहा ठेवून जायची आणि दाराआड उभी राहायची.

अखेर आठव्या दिवशी पाणी उतरलं. पाहुणे निघाले. आतोबांनी मोठ्या तोऱ्यात जोडे खाली काढले, सगळ्यांसमोर फडकी सोडली, आणि आम्ही सगळे थिजलो. दोन्ही जोडे उगवले होते! पांढरट दांडे, टोकाला दुमडलेली कोवळी पानं, अशी दाटी की चामडं दिसेना. आत्यानं पदर तोंडात कोंबला. शालूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आतोबांनी तशातही बोट आत घातलं आणि पडक्या आवाजात म्हणाले, "ओलाच हाय." खोटं बोलणं त्यांना जमतच नव्हतं.

पाहुण्यांनी जोडा उचलला, उजेडात नेला, एक रोप अलगद उपसून मूळ पाहिलं. "ही सरकी कोणती?"

"म्हशीची," आतोबा म्हणाले. मग जरा सावरून, "म्हंजे, ज्या कापसाले म्या त्यातल्या त्यात बरा म्हटलं, त्याचीच घेतो म्हशीले. ओल्या कापसाची सरकी आतून कुजते."

"अन् म्या तिकडं कुजकी पेरून राह्यलो!" पाहुणे मटकन खाली बसले. मग म्हणाले, "पोतंभर द्या. अन् पोरगी बी द्या." जोडे तसेच दोन्ही हातांत धरून, रोपांना धक्का लागू न देता, ते अनवाणी गावाला गेले. "सांडू नोका," म्हणत आतोबा वेशीपर्यंत त्यांच्यामागे चिखल तुडवत होते.

मार्गशीर्षात शालूचं लग्न झालं. नंतर घर फार मुकं झालं. आतोबांनी जोडे भिजवणंच सोडलं, बादली उपडी पडून राहिली, आणि आत्या आपणहून म्हणायची, "घ्या न कढई, कोण नाही म्हणते?"

संक्रांतीला शालूच्या गावची गाडी बाजाराला आली. गाडीवानानं एक लहानसं गाठोडं घरी आणून दिलं. सासऱ्यांनी जोड्यातली रोपं विहिरीपाशी लावली होती, त्यांचा कापूस शालूनं स्वतः वेचून पाठवला होता. निरोप होता, "बाबाले म्हणा, पारखून सांगा." आतोबांनी गाठ सोडली. आतून चिमूटभर काढला, बोटांत चोळला, गालाला लावला, डोळे मिटले. किती वेळ झाला तरी उघडेनात. गाडीवान चुळबुळ करू लागला.

"कोरडा हाय," आतोबा म्हणाले. "म्हणा तिले, एकदम कोरडा हाय." आणि उठून आत गेले.

मी थोडा उचलून पाहिला. भल्या सकाळी, दहिवर सुकायच्या आतच वेचला असावा पोरीनं, गाडी गाठायच्या घाईत. गार लागत होता, चांगला ओला होता. आत्यानं विचारलं, "खरंच कोरडा हाय का रे?"

मी म्हटलं, "हो."