पठारावरचा पंखा आज उतरवला

मंडळी, आज दुपारी आमच्या पठारावरची जुनी पवनचक्की क्रेननं उतरवली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

नव्वदच्या दशकात माझ्या वडिलांनी, आबांनी, तिच्यासाठी जमीन दिली. पवनचक्की कंपनीचे साहेब म्हणाले होते, गावाचं भलं होईल. वीज गेली लांब कुठंतरी, आम्ही कंदिलातच राहिलो. त्यात पुढच्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि गावानं ठरवून टाकलं, की पवनचक्कीचे हे पंखेच ढग पळवतात.

पावसासाठी महादेवाची पिंड पाण्यात बुडवायची होती. घरटी एक घागर. आई घागर घेऊन देवळात गेली, तर शेजारच्या तात्यांनी पायरीवरच अडवलं. "तुमचं पाणी नगं, वैनी. ढग तुमीच हाकलताय न्हवं?"

आई भरली घागर घेऊन परत आली. मरेपर्यंत त्या देवळात गेली नाही.

पुढं पंखे फिरत असतानाच नदीला पूर आले. साहेबांचं खोटं निघालं, गावाचंही. पण आईला तसं सांगायला कुणी आलं नाही.

आज पंखा खाली येताना आबा अंगणातून बघत होते. हळूच म्हणाले, "आता तरी घेतील व्हय गं, तुझ्या आईची घागर?"

सांगा, काय उत्तर देऊ त्यांना?